अंगणातली नदी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. डोंगरांमधून एक नदी वाहायची. नदीला लोक आई म्हणत, पण ही आई भलतीच लहरी होती. एका पावसाळ्यात डावीकडून जायची, दुसऱ्या पावसाळ्यात उजवीकडचं शेत गिळून तिकडून वाट काढायची. आज जिथं पाणवठा, तिथं पुढल्या वर्षी वाळूचा ढीग. काठावरच्या गावांचा तिच्यावर भरवसा नव्हता, आणि ते योग्यच होतं.

राजधानीत एक शास्त्रीबुवा राहत. नदी वळते ती का आणि कुठं, या एकाच प्रश्नानं त्यांना तरुणपणी पछाडलं. पोथ्यांत उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी घरामागच्या अंगणात मातीची नदी केली. उन्हाळ्यात हातात वेळूची काठी घेऊन ते काठाकाठानं हिंडत. कुठं चिकणमाती, कुठं रेती, कुठं खडक, सगळं पाहून येत आणि अंगणात तसंच रचत. वरच्या टोकाला तिवईवर तोटीचा हंडा ठेवलेला असे. घाटावरच्या दगडावर पुराची खूण जितकी वर, तितकी तोटी जास्त उघडायची. मग पान चघळून होईपर्यंत सगळा पावसाळा अंगणातून वाहून जाई.

बुवांना आपल्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, एवढंच. गावं वाचावीत म्हणून त्यांनी ती नदी केली नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

एके वर्षी मातीच्या नदीत एक गाव बुडालं, आणि पावसाळ्यात ते खरोखरच बुडालं. ही वार्ता राणीच्या कानावर गेली. राणीनं हुकूम काढला, की दर उन्हाळ्यात बुवांनी पाणी ओतायचं, आणि मातीत जे गाव बुडेल त्याला पावसाआधी वरच्या माळावर जमीन द्यायची. माळ चांगला होता. विहिरीचं पाणी गोड, आंब्याची झाडं, गुरांना हवा तेवढा चारा. तेव्हापासून बुडणाऱ्या गावांकडे बाकीचे लोक जरा हेव्यानंच बघू लागले. हेही लक्षात ठेवा.

अंगणाच्या दाराला कायम कडी असे. कुणी डोकावलं तरी बुवा खेकसत. "बोटभर माती हलली तर एक गाव हलतं," असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण माणसाचे गुडघे काही मातीचे नसतात, की मोडले आणि पुन्हा केले. बुवा म्हातारे झाले. काठाकाठानं हिंडणं बंद झालं. बाहेरची नदी दर वर्षी नवी होत गेली आणि अंगणातली जुनीच राहिली. बुवांनी हे कुणाला सांगितलं नाही. कुठं अंदाजानं लिंपायचं, कुठं एखादा खडा सरकवायचा, असं करून ते वेळ मारून नेत राहिले.

एक दिवस राणी स्वतः अंगणात आली. मातीच्या नदीकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग एका ठिकाणी तिनं बोट दाखवलं.

"शास्त्रीबुवा, इथं आमराई दाखवली आहे. ती तर केव्हाच वाहून गेली."

बुवांनी दाराच्या कडीकडे पाहिलं.

"दार बंद असतं ते नदी जपायला, की तुम्ही काठावर जात नाही हे झाकायला?"

हा घाव वर्मी बसला. बुवा म्हणाले, "दोन्हींसाठी, महाराणी."

"मग दार उघडा. एकेका गावाला आपापला काठ ठाऊक आहे. त्यांना येऊ द्या, आपापला तुकडा नीट करू द्या."

"पलीकडच्या गल्लीतल्या पंडितांनी असंच दार उघडलं होतं," बुवा म्हणाले. "मुंग्यांच्या रांगा बघून ते काहीबाही मांडत बसायचे. या, बघा, भर घाला, असं सगळ्या नगराला सांगितलं. माणूस एक आलं नाही. शेळी आली आणि त्यांच्या पोथीची पानं खाऊन गेली."

"मुंग्या कुठं जातात याची गरज त्या पंडितांनाच होती," राणी म्हणाली. "नदी कुठं जाते याची गरज सगळ्या खोऱ्याला आहे. दोन्हींत फरक आहे, बुवा."

"आणि कुणी आपल्या सोयीनं नदी वळवली तर? माळावरची जमीन कुणाला नको आहे?"

पण राणीचा शब्द तो राणीचा शब्द. दुसऱ्या दिवशी बुवांनी कडीच काय, दार चौकटीतून काढून ठेवलं. दवंडी पिटली गेली, की शास्त्रीबुवांची नदी आता सगळ्या राज्याची. बुवा ओसरीवर जाऊन बसले आणि डोळे बारीक करून वाट बघू लागले.

इथं मला बुवांचा संशय येतो, तो सांगूनच टाकतो. माती कुठून कापायची, कशी बसवायची, तोटी किती उघडायची, यातलं एक अक्षर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तुमचंच आहे म्हणाले आणि गप्प बसले. माझं मन मला सांगतं, की हे सगळं फसावं असं त्यांना आतून वाटत होतं.

लोक आले. गाड्या भरभरून आले. त्यांनी मातीत हात घातला असेल, नदीची नासाडी केली असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. बुवांनाही तसंच वाटलं होतं. पण त्या खोऱ्यातल्या लोकांना एकच गोष्ट अगदी छान यायची, आणि ती त्यांनी केली. त्यांनी मातीच्या नदीची पूजा केली.

पहिल्या बाईनं हळदकुंकू वाहिलं. दुसरीनं खण ठेवला. तिसऱ्या दिवशी काठांवर तुपाचे दिवे लागले. मग फुलं, तांदूळ, नारळाचं पाणी. प्रत्येक जण आपल्या गावाच्या तुकड्यापुढं डोकं टेकवी, "आई, आम्हाला सांभाळ," म्हणे आणि शेजारच्या गावाला किती फुलं वाहिली गेली ते तिरक्या नजरेनं बघून घेई. आपल्या गावचा काठ जुना झालाय, हे निम्म्या लोकांना दिसत होतं. पण देवीच्या अंगाला नख कोण लावणार?

बुवा ओसरीवरून बघत होते. आधी त्यांना हसू आलं, मग बरं वाटू लागलं. कुणी हात तर लावत नाही, असं ते मनाशी म्हणाले. गर्दी वाढली तसे त्यांच्याही पाया लोक पडू लागले. पाणी ओतायचं ते बुवा एरवी मनात येईल तेव्हा ओतत, पण आता लोकांनी त्यासाठी वैशाखी पौर्णिमा धरली. वाजंत्री आली. बुवांनी त्यालाही नाही म्हटलं नाही.

पौर्णिमेला पाणी ओतलं. हळदीचे आणि तुपाचे थरावर थर बसून मातीवर कवच आलं होतं. पाणी त्यावरून अलगद घसरत गेलं. एकही काठ ढासळला नाही, एकही गाव बुडालं नाही. लोकांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या, राणीनं बुवांना शाल दिली.

नदीच्या मोठ्या वळणावर एक गाव होतं. तिथली पाटलीण त्या गर्दीत उभी होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

काही दिवसांनी ती पुन्हा आली. सोबत पाटील होते, पण बोलायचं काम त्या घरात पाटलिणीकडेच असे. अंगण नेहमीसारखं भरलेलं होतं. पाटलिणीनं कमरेचं खुरपं काढलं, आपल्या गावापाशी खाली बसली आणि हळदीचं कवच फोडून काठाच्या पोटात पोकळी कोरू लागली.

अंगणात एकच कालवा झाला. "देवीच्या अंगाला खुरपं लावलं," असं कुणी ओरडलं. वरच्या वाडीचा कारभारी मोठा गोड बोलणारा माणूस होता. तो पुढं होऊन हात जोडून म्हणाला, "बुवा, मी कुणावर आळ घेत नाही. पण पौर्णिमेला यांचं गाव बुडालं नाही, म्हणून आता हातानं बुडवायला आल्या आहेत. माळावरचे आंबे पिकलेत ना."

लोक हसले. बुवा काठी टेकत खाली आले.

"काय चाललंय हे, पाटलीणबाई?"

"बुवा, आमचा काठ आतनं पोखरलाय," पाटलीण म्हणाली. "वरनं बघाल तर शाबूत हाय. पर बाया धुणं आपटत्यात तवा खालची जिमीन घुमती. बैल शिरंल एवढं भगदाड हाय पान्याखाली. तुमच्या मातीत त्ये न्हाई, म्हणून कोरते."

"कारभारी म्हणतात ते खरं कशावरून नसेल?"

"नसंल कशापायी, आसंलबी," पाटलीण म्हणाली. "माळ कुनाला नको हाय? माझ्यावर इस्वास ठिवूच नगा. पानी वता. मागल्या साली आमच्या मारुतीच्या पायरीला पानी लागलं हुतं, काठावरनं न्हाई, जिमिनीतनं वर आलं हुतं. समद्या पंचक्रोशीनं बघितलंय. मागल्या सालाएवढी तोटी उघडा. म्या कोरलेल्या मातीत पायरीला पानी लागलं तर म्या खरी, न्हाई तर खोटी."

कुणाच्याही डोक्यात उतरावं असं बोलणं होतं ते. बुवांच्या डोक्यात तर नक्कीच उतरलं, कारण तरुणपणी त्यांनी हेच केलं असतं. मनात शंका आली की भरल्या ताटावरून उठून ते तोटी उघडत. पण आज अंगणभर लोक होते, अंगावर शाल होती, आणि दाराबाहेर ताटकळलेली रांग होती.

"पाणी वैशाखी पौर्णिमेला ओततात," बुवा म्हणाले.

वाक्य तोंडातून निघालं आणि ते स्वतःच क्षणभर थबकले. मग त्यांनी थापी मागवली, पाटलिणीनं कोरलेली पोकळी भरली आणि वरून गुळगुळीत केली. कुणीतरी लगेच त्यावर हळद वाहिली.

पाटलीण तिथंच बसून राहिली. पाटलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी ते एवढंच बोलले, "चल गं. पुढल्या बाजारच्या दिशी परत इऊ, परत सांगू."

पण त्याआधीच पाऊस आला.

पूर काही मोठा नव्हता. घाटावरच्या दगडावर तो जुन्या खुणांच्या खालीच राहिला. बाकीच्या गावांत तर चुलींपर्यंतही पाणी गेलं नाही. फक्त वळणावरच्या गावाखालची जमीन भर दुपारी, ऊन पडलेलं असताना, आतून खचली. आधी मारुतीचं देऊळ गेलं, मग घरांची एक ओळ. पाटलिणीनं आधीच बायकापोरं उंचावर नेऊन बसवली होती, म्हणून माणसं वाचली. पाटील गोठ्यातल्या बैलांची दावी सोडायला परत गेले. बैल पोहत बाहेर आले. पाटील आले नाहीत.

पूर ओसरल्यावर पाटलीण राजधानीत आली. कपाळ मोकळं होतं. राणी आधीच येऊन अंगणात उभी होती. लोक बाजूला सरले. त्यांनी वाट करून दिली ती दयेनं, की ही आता काय करते या भीतीनं, ते मला सांगता येणार नाही. बुवा तिच्यापुढं आले.

"पानी वता," पाटलीण म्हणाली.

बुवांनी यंदाच्या पुराएवढी तोटी उघडली. पाणी हळदीच्या कवचावरून सुरेख घसरत खाली गेलं. वळणावरचं गाव कोरडं ठाक राहिलं. इवलंसं मारुतीचं देऊळ होतं तिथंच उभं होतं. अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दिसलं, आणि कुणाला वर बघवेना.

मग पाटलीण खाली बसली. तिनं गावाभोवतीची फुलं उचलून बाजूला ठेवली, कवच खरवडलं, खुरप्यानं काठाच्या पोटात पुन्हा तीच पोकळी कोरली.

"आता वता."

पाणी आलं, पोकळीत शिरलं, गोल फिरलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग मारुतीचं देऊळ कलंडलं, आणि त्यामागं घरांची ओळ गेली. शेवटी मातीचा एक छोटा गोठा होता, तोही गेला. पाटलीण बघत राहिली.

बुवांनी तोटी बंद केली. "ही नदी मी मोडून टाकतो," ते म्हणाले. "दार लावतो. माझ्या हातून आणि लोकांच्या हातूनही ती सुटली."

"नाही," राणी म्हणाली. "आजपासून लोकच बघतील. तुम्ही बाजूला व्हा."

"दोगंबी थांबा," पाटलीण म्हणाली. राणीला कुणी असं थांबवत नसे, पण त्या दिवशी ती थांबली. "बुवा, तुमी येकलं हुता तवा नदी जुनी झाली. महारानी, तुमी समद्यांस्नी दिली तवा तिचा देव झाला. आता परत येकाला दिली काय नि समद्यांस्नी दिली काय, माझा कुनावरच इस्वास न्हाई. ह्या बुवांवर न्हाई, त्या कारभाऱ्यावर न्हाई. उद्या म्या ऱ्हायला माळ मागितला तर माझ्यावरबी ठिवू नगा."

"मग करायचं काय?" राणीनं विचारलं.

"ज्याला माती हलवायची त्यानं हलवावी. पर हलवली की तिथल्या तिथं, चार गावच्या मानसांम्होरं, मागल्या पुराचं पानी वतायचं. पानी जिथं खरं गेलं हुतं तिथंच मातीत गेलं तर त्याची माती ऱ्हाईल. न्हाई गेलं तर त्यानंच आपल्या हातानं ती काढायची. आन तोटी कशी उघडायची त्ये बुवांनी हरेक गावाला शिकवायचं. शिकवलं न्हाई, म्हणून तर आमी फुलं घेऊन आलो. दुसरं काय येत हुतं आमाला?"

बुवांनी स्वतः फुलं गोळा करायला सुरुवात केली.

कवच फोडायला बरेच दिवस लागले. लोक कुरकुरले. देवीचा कोप होईल म्हणून काही जण आलेच नाहीत, आणि खरं सांगायचं तर गर्दी ओसरली. गाड्या भरभरून येणारे गेले. उरली ती थोडीच माणसं, ज्यांचा काठ खरोखर खचत होता. ती आपापली माती घेऊन आली, एकमेकांकडे संशयानं बघत बसली, आणि पाणी ओतत राहिली.

वरच्या वाडीचा कारभारीही आला. आपल्या काठाला मोठंसं भगदाड पाडून त्यानं गोड आवाजात माळाची मागणी केली. बुवा नुसतं म्हणाले, "पाणी ओता." पाणी ओतलं. मागल्या पुरात वरच्या वाडीचं एक पानही भिजलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मातीत मात्र अख्खी वाडी वाहून गेली. कुणी त्याला चोर म्हटलं नाही. कारभाऱ्यानं घसा खाकरला, भगदाड बुजवलं आणि सदरा झटकून निघून गेला. पुढल्या वर्षी तो पुन्हा आला. त्या खेपेला त्याची माती खरी निघाली, म्हणून ती ठेवली.

अंगणातली नदी दर वर्षी खऱ्या नदीबरोबर वळू लागली. गावं वेळेवर माळावर जाऊ लागली. बुवा दाराशी बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत, "पाणी ओतलं का?" राणी आली तरी तेच विचारत. पाटलीण त्यांच्या शेजारी बसे. तोटी धरायला ती बुवांकडूनच शिकली. त्यांच्याशी ती कामापुरतं बोले, त्यापलीकडे एक शब्द नाही.

बुवांचे अगदी शेवटचे दिवस आले, तेव्हा एकदा त्यांनी तिला विचारलं, "पाटलीणबाई, मला माफ केलंत का हो?"

पाटलिणीनं मातीच्या नदीकडे पाहिलं. वळणावर, जिथं तिचं गाव होतं, तिथं आता नदी वाहत होती.

"त्ये काय पानी वतून कळत न्हाई, बुवा," ती म्हणाली, आणि खुरपं घेऊन कामाला लागली.

बुवा गेल्यावर दाराशी ती बसू लागली. तिच्यावरही लोक संशय घेत, आणि ती घेऊ देत असे.

तात्पर्य : जे सगळ्यांच्या हाती द्यायचं, त्याच्यासोबत ते पारखण्याची रीतही द्यावी, नाहीतर दार उघडं असलं तरी अंगण बंदच राहतं.